‘किंमत किती?’ असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

‘किंमत किती? घरपोच मिळेल का?’ एवढे पाचच शब्द तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेत. त्याआधी बारवांवरच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरच्या, माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या चित्राखाली शुभेच्छांची रांग लागली होती. फुलं होती, जोडलेले हात होते. त्या सगळ्यांचा लोभ मी मानतेच. पण हे पुस्तक विकत घ्यायचं असतं, हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून आलं. ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

चूक माझी होती. त्या पुस्तकाच्या पोस्टमध्ये नाव होतं, चित्र होतं, अर्पणपत्रिकेच्या ओळीसुद्धा होत्या, किंमत नव्हती. आणि ती तुम्ही मला खासगीत विचारू शकला असतात. चारचौघांत विचारलीत, त्यामुळे मला चारचौघांत उत्तर देता आलं. लेखकाला किंमत विचारणं हे आपल्याकडे उगीच कमीपणाचं मानतात, पण भेट प्रत मागताना कोणी संकोचत नाही. तुमच्यामागून लगेच तिघांनी पत्ते पाठवले. त्यांना पुस्तक हवंच होतं, पहिल्यानं कोणी विचारायचं एवढाच प्रश्न होता.

तुमच्या प्रश्नाखाली लिहिलेलं उत्तर हीच माझी खरी जाहिरात ठरली. नव्यानं पुस्तक काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती इथे मांडते. विषय एका ओळीत. पानं १६८. घरपोच किंमत एकच आकडा, २८० रुपये. ‘२५० अधिक टपालखर्च’ असं लिहिलं की वाचणारा हिशेबात अडकतो आणि नंतर बघू म्हणून पुढे सरकतो. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावरचं एवढ्या पानांचं पुस्तक पाकिटासकट ३०० ग्रॅमच्या आत बसतं. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ज्ञान पोस्ट या पुस्तकांच्या टपालसेवेत त्याला २० रुपये आणि वर कर लागतो. उरलेल्या पैशांत जाड पाकीट आणि कोपऱ्यांना पुठ्ठा बसतो. पुठ्ठा टाळू नका. कोपरा दुमडलेलं पुस्तक परत आलं तर दोन्हीकडचा खर्च आपल्या अंगावर पडतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असलं पाहिजे, नाहीतर या सेवेत ते घेत नाहीत. ही टपालपिशवी जमिनीवरून जाते, तेव्हा ‘उद्या मिळेल’ असं कोणालाही कबूल करू नये.

पैशांच्या बाबतीत तुम्ही सांगितलेली गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. मी नुसता क्यूआर कोड टाकला होता. तुम्ही म्हणालात, ‘अहो, ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोननं तो स्कॅन कसा करायचा?’ गॅलरीतून कोड उचलता येतो, पण सत्तरीच्या वाचकाला ते कोण शिकवणार? तेव्हापासून यूपीआय आयडी अक्षरांत लिहिते, म्हणजे तो बोटानं दाबून धरून कॉपी करता येतो. आणि खाली एक ओळ असते: ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल.’ खात्यावरचं नाव आणि पुस्तकावरचं नाव वेगळं असलं की माणूस घाबरून मागे फिरतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. फसवणूक फार वाढली आहे.

मागणी नोंदवायचा फॉर्मही तुमच्यामुळेच काढून टाकला. पूर्ण नाव, पत्ता, सहा आकडी पिनकोड, मोबाइल आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, हे एका मेसेजमध्ये मागितलं की पुरतं. पैसे आले आणि पत्ता आला नाही, असं फार होतं; यूपीआयवर नुसतं नाव दिसतं, त्यावरून माणूस शोधता येत नाही.

आता ‘पायऱ्या’. बारवेच्या पुस्तकाच्या पोस्टरवर पायऱ्या हा शब्द ‘पायर्या’ असा उमटला होता आणि माझ्या नजरेतून सुटला होता. ग्रुपवर शेकडो माणसं. त्यांतल्या कोणीही ते दाखवून मिरवलं असतं. तुम्ही रात्री फोन केलात, आवाज खाली ठेवून सांगितलंत आणि फोन ठेवताना ‘सकाळी बदला, घाई नाही’ म्हणालात. किंमत सगळ्यांसमोर विचारायची आणि चूक एकांतात सांगायची, हा पोच मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

ही चूक दोन कारणांनी होते. एक, टंकताना नुक्त्याचा ‘ऱ’ न घेता साधा ‘र’ घेतला, तर पुढचा ‘य’ आला की तो रफार होऊन वर चढतो. दोन, चित्रं करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी मुद्दाम निवडावी लागते; ती निवडली नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर उचलला तर सगळ्याचाच गोंधळ. पोस्टर तयार झालं की ते स्वतःला पाठवून लहान फोनवर मोठ्यानं वाचायचं, एवढाच उपाय आहे. किंमत आणि फोन नंबर चित्रावरही लिहायचा, कारण पुढे पाठवताना खालचा मजकूर गळतो आणि चित्र एकटंच फिरतं.

व्हॉट्सॲपवर एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतं, आणि पुष्कळ हातांतून फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं घालता येतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. तेव्हा मोठ्या यादीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही तेच सोप्या भाषेत सांगितलंत: ‘मुखपृष्ठ पुन्हा पुन्हा टाकू नका. आतलं एक पान टाका, आणि ते ज्यांच्या गावचं आहे त्यांच्यापर्यंत पोचवा.’ साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवरचं पान मी तसं टाकलं. विहिरीच्या पोटात बांधलेल्या महालाचं वर्णन आहे तेवढंच, आणि शेवटी घरपोच किमतीची एक ओळ. सातारकरांनी ते आपणहून पुढे नेलं. ‘आमच्या आजोळचं आहे’ असं लिहून लोकांनी प्रती मागवल्या. गावाचं नाव पहिल्याच ओळीत हवं, मराठीत आणि रोमन लिपीतही, कारण शोधणारे दोन्हीकडून शोधतात.

हे सगळं एका प्रमोशनवाल्यानं मला पैसे घेऊन सांगायला हवं होतं. त्यानं लाइक्सचे आकडे दाखवले आणि ‘पंचवीस रिव्ह्यू करून देतो’ म्हणाला. ॲमेझॉनच्या नियमांत पैसे देऊन घेतलेले अभिप्राय बसत नाहीत, जवळच्या नातेवाइकांचेही बसत नाहीत. सापडले की काढून टाकतात. नव्या लेखकाला हे माहीत नसतं आणि त्याच्या अधीरपणावर असे लोक जगतात. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूरसुद्धा न वाचता त्यानं पुस्तकाची जाहिरात केली. आणखी एका ओळखीच्या समीक्षकांनी दोन भेट प्रती घेतल्या, एक ‘मित्रासाठी’. पोचल्याचा निरोपही आला नाही.

तुम्हाला मी भेट प्रत देऊ केली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पहिली प्रत विकत घेऊ द्या, पुढचं पुढे.’ आणि दहा मिनिटांत पैसे आले. पत्ता तीन ओळींत, पिनकोडसकट, खाली व्यवहाराचा क्रमांक. पुस्तक वाचून झाल्यावर तुम्ही ‘छान आहे’ असं नुसतं लिहिलं नाहीत. ९२ व्या पानावरच्या कोणत्या परिच्छेदापाशी थांबलात ते लिहिलंत, आणि तिसऱ्या लेखात तीच माहिती दोनदा आली आहे हेही लिहिलंत. दुसऱ्या आवृत्तीसाठीच्या प्रतीवर ती जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.

परवा तुम्ही भाच्यासाठी आणि शाळेच्या वाचनालयासाठी अशा दोन प्रती सांगितल्यात. पैसे मिळाले. दोन्ही पाकिटं बांधून झाली आहेत, पुठ्ठ्यासकट, आणि सोमवारी सकाळी टपालात पडतील. वाचनालयाच्या पत्त्यात पिनकोडचा शेवटचा आकडा नीट लागत नाही, तेवढा एकदा कळवा.

आपली,
बारवांच्या पुस्तकाची लेखिका