चीनचा ‘ची’

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

प्रिय इक्बाल,

अस्सलामु अलैकुम.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. भाभींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याचे तुझ्या मुलीकडून कळले, तेव्हाही फोन करीन करीन म्हणत राहिलो आणि मग इतके दिवस उलटले की फोन करायचीच लाज वाटू लागली. माझी प्रकृती ठीक आहे; साखर आहे, गोळ्या आहेत, सकाळी खाडीपर्यंत चालणे आहे. आज मात्र लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जे घडले आहे ते गावात कोणाला सांगितले तर भांडण होईल, घरात सांगितले तर हसतील, आणि तुला सांगितले तर, निदान अर्धे तरी, तुझ्याच अंगावर येईल.

वाचनालयाची भिंत पुसायची असे चालले आहे. तुझी भिंत.

नीट सुरुवातीपासून सांगतो. गेल्या महिन्यात आमचे मौलाना आईच्या आजारपणामुळे बिहारला गावी गेले. (माणूस गुणी आहे. हनफी पंथाचा असल्यामुळे कुर्ल्यांना हात लावत नाही, त्यामुळे जमातीच्या जेवणात त्याच्या वाट्याच्या कुर्ल्या आम्ही शाफई पंथाचे लोक मोठ्या बंधुभावाने खातो.) जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचा, अरबी खुतबा (प्रवचन) आमच्या हाफिज पोराने सांभाळला, परंतु त्याआधीचे वीस मिनिटांचे बयान कोणी करायचे, हा प्रश्न होता. जमातीने मला गळ घातली. मी अट घातली की बयान मराठीत करीन. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. उर्दू मला वाचता येते, पण उर्दूत बोलू लागलो की मला स्वतःलाच मी परगावचा वाटतो. खजिनदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वेळ थोडा होता.

विषय अर्थातच इल्म, म्हणजे ज्ञान. आणि सुरुवात कशाने केली असेल? ‘ज्ञान मिळवा, त्यासाठी चीनला जावे लागले तरी जा.’ त्या भिंतीवरची तुझी ओळ, तुझ्याच मराठीतली. लाउडस्पीकरवरून ते घराघरांत गेले, आणि दुपारी आपा म्हणाली, “साठ वर्षांत पहिल्यांदा जुम्म्याला काय बोलतायत ते भाकऱ्या थापता थापता कळलं.” त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने काढू शकलो असतो. पण नमाजनंतर मी हौजाजवळ चपला शोधत असताना काळू नाखव्याचा नातू जवळ आला. पुण्याला इंजिनिअरिंगला असतो, दाढी राखली आहे, बोलायला अतिशय अदबीचा. “चाचा, रागावणार नसाल तर एक सांगू? ती चीनची हदीस जईफ आहे. काही जण तर मौजू म्हणतात.” आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

हदीस म्हणजे पैगंबरांचे वचन, जईफ म्हणजे दुर्बळ आणि मौजू म्हणजे बनावट, हे तुला सांगायला नको. मी त्याला म्हणालो, “बेटा, बघतो.” घरी येऊन जेवलो नाही.

तीन रात्री मी अब्बांची जुनी पेटी उपसली. उर्दू टीकाग्रंथांच्या पानांना वाळवी लागली आहे, तरी जे हवे होते ते सापडले. पोरगा खरे बोलत होता. ही रिवायत पैगंबरांचे सोबती हजरत अनस यांच्या नावावर सांगितली जाते, पण मधे अबू आतिका नावाचा जो सांगणारा आहे, त्याला हदीसचे थोर संकलक इमाम बुखारींनी ‘मुनकरुल हदीस’ ठरवले आहे, म्हणजे त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. अकराव्या शतकातले बैहकी म्हणतात की मजकूर प्रसिद्ध आहे, पण सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी, दुर्बळ आहे. बाराव्या शतकातल्या इब्नुल जौजींनी तर ती सरळ बनावट हदीसांच्या संग्रहात टाकली. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हा निकाल लागून गेलेला होता, आणि आपण १९७८ साली शिडीवर चढून तो ऑइल पेंटने रंगवत होतो!

आता तू म्हणशील, “मास्तर, त्यात एवढे जेवण टाकण्यासारखे काय आहे? पुसा आणि दुसरे लिहा.” तू असेच म्हणणार, कारण तुला कधीच काही पुसायला वेळ लागला नाही. समाजसुधारक हमीदभाई दलवाई गेले ते १९७७ साली, आणि त्यांनी दफन नको, दहन करा असे सांगून ठेवले होते म्हणून सगळी खाडीपट्टी पेटली होती. तेव्हा तू भर मोहल्ल्यात त्यांची बाजू घेऊन भांडलास आणि तुझ्या अब्बांना घड्याळाचे दुकान आठ दिवस बंद ठेवावे लागले. मी तुला म्हटले होते की मिरजोळीचा हा माणूस मोठा खरा, १९६६ साली सात बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, पण आपल्याला इथे राहायचे आहे, तेव्हा दार आतून उघडू. तू म्हणालास, “तू आत बसून राहा. कडी बाहेरून आहे.” त्यानंतर आपण चार महिने बोललो नव्हतो. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही आणि अजून त्याचे उत्तरही मला सुचलेले नाही.

तरीसुद्धा ती ओळ लिहायला तूच पुण्याहून आलास. कारण सातवीनंतर मुलींना तालुक्याच्या हायस्कुलात पाठवायला जमात तयार नव्हती आणि तू म्हणालास की यांच्याच नाण्याने यांच्याकडून खरेदी करू. रंग काळू नाखव्याच्या होडीतून उरलेला, तो गडद निळा, ब्रश एकच, आणि मी शिडी धरलेली असताना तू ‘चीन’च्या दुसऱ्या वेलांटीवर इतका रंग घेतलास की तो ओघळून खालच्या उर्दू ओळीत शिरला. आजही तो ओघळ तसाच आहे. भिंतीला तीनदा चुना लागला, पण प्रत्येक वेळी गवंड्याने तुझ्या अक्षरांभोवतीची जागा सोडली.

आणि नाणे चालले, इक्बाल, हीच तर पंचाईत आहे. खतीबचाचा आठवतात ना, आयुष्यभर जहाजावर खलाशी होते? ते भिंतीसमोर उभे राहून दोनदा वाचून म्हणाले, “चीन मी बघितलाय. लई लांब आहे. त्या मानानं चिपळूण काहीच नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीचे नाव हायस्कुलात घातले. त्या वर्षी अकरा मुली गेल्या. त्यांची ती मुलगी पुढे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि आता वाचनालयाच्या कमिटीवर आहे. मी तिला भीतभीत सगळे सांगितले. ती म्हणाली, “सर, ओळ कच्ची असेल तर असो. माझ्या बापानं तिच्यावर मला सोडलं. पुसायची तर मला विचारून पुसा.” त्या ओळीच्या सनदेतला दुवा कच्चा निघाला खरा, पण त्या अकरा जणींच्या आयांचे दुवे तिच्या वाट्याला भरपूर आले.

मी हेच नाखव्याच्या नातवाला सांगून पाहिले. तो शांतपणे म्हणाला, “चाचा, काम चांगलं झालं हे कबूल. पण रसूलल्लाह जे बोललेच नाहीत ते त्यांच्या नावावर घालायचं?” आणि त्याने ती दुसरी हदीस सांगितली, जिच्या खरेपणाबद्दल कोणाचाच वाद नाही: जो माझ्यावर जाणूनबुजून खोटे रचील त्याने आपली जागा जहन्नममध्ये समजावी. यापुढे मी काय बोलणार? हेतू चांगला म्हणून खोटी साक्ष चालते, असे मी वर्गात कधी शिकवले नाही.

पण माझे मन दुखले ते वेगळ्याच ठिकाणी. अब्बा मिश्कात हा हदीससंग्रह शिकले ते सहा वर्षे एका उस्तादाच्या पायाशी बसून. त्या उस्तादांनी आपल्या उस्तादांकडून ऐकलेले. अशी माणसामागे माणसांची माळ. या पोराने एका मिनिटात अंगठ्याने उत्तर काढले, आणि उत्तर बरोबर निघाले. आणि त्या सगळ्या माळेतून माझ्यापर्यंत जे आले त्यात ही चीनची ओळही होती, कोणी कधी शंका न घेता दिलेली. मग अदब शिकून मी चुकीचे शिकलो आणि अदब न शिकता तो बरोबर शिकला, असा याचा अर्थ लावायचा का? पहाटे तीनला हा प्रश्न फार मोठा दिसतो. सकाळी चहानंतर थोडा लहान होतो, पण जात नाही.

मी त्याला विचारले, हे कोणाचे मत वाचलेस? म्हणाला, शेख अल्बानी. गंमत ऐक. अल्बानी म्हणजे अल्बेनियातून लहानपणी दमास्कसला आलेला, बापाकडून घड्याळ दुरुस्ती शिकलेला माणूस. दुकानातून वेळ काढून जाहिरिया ग्रंथालयात वर्षानुवर्षे हस्तलिखिते वाचत बसला आणि हदीसचा एवढा मोठा परीक्षक झाला. त्याच्यावरही विरोधकांचा आक्षेप हाच, की हा उस्तादांकडून नव्हे, पुस्तकांतून शिकला. म्हणजे तुझी ओळ पुसायला शेवटी एक घड्याळजीच आला. तुझे अब्बा असते तर खूश झाले असते. मी पोराला म्हणालो, “त्यानं जन्म घालवला ग्रंथालयात, तू स्टॉपवर एसटी येईपर्यंत वाचलंस.” तो हसला. राग आला नाही त्याला, हे मला जास्त लागले.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? आपल्या सगळ्या कोकणी मुसलमानांचा एक खरा मोठा आलिम म्हणजे माहीमचे मखदूम अली. चौदाव्या-पंधराव्या शतकात मुंबईच्या त्या बेटावर बसून त्यांनी अरबीत कुराणाची तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिली. दर डिसेंबरला आपण उरुसाला जातो, पोलिसांचा संदल बघतो, गर्दीत चपला हरवून येतो. त्या तफसीरचे एक पान तरी मी उघडले आहे का? तू उघडले आहेस का? आपण विद्वानाला फुले वाहिली आणि पुस्तक फडताळात ठेवले. आता ही पोरे फुले नकोत म्हणतात आणि पुस्तक उघडतात, तेव्हा दुखावण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे, हे मला ठरवता येत नाही. अर्थात याच पोरांनी उद्या मौलूद (पैगंबरांच्या जन्माचे गायन) बंद करा, उरुसाला जाऊ नका असा धोशा लावला तर मी गप्प बसणार नाही, हेही लिहून ठेवतो. मोबाइलवर सनद तपासता येते, पण आपा मौलूदला का रडते ते तपासता येत नाही.

आता भिंतीचे. पोरांचा प्रस्ताव असा, की डिस्टेंपर मारून त्यावर सहीह मुस्लिममधली हदीस लिहायची: जो ज्ञानाच्या शोधात वाट चालतो, त्याच्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सोपी करतो. हदीस सुंदर आहे आणि खणखणीत आहे. पण तीत चीन नाही, रे! जन्नत किती लांब ते खतीबचाचांना माहीत नव्हते; चीन माहीत होता. मी कमिटीपुढे मधला मार्ग ठेवला आहे, की नवी हदीस वर लिहा आणि जुनी ओळ खाली राहू द्या, फक्त तिच्या डोक्यावरचा ‘हदीस शरीफ’ हा शब्द पुसा आणि ‘जुने वचन’ असे लिहा. मुख्याध्यापिकाबाईंना हे पटले. पोरे विचार करतो म्हणाली. खजिनदार म्हणतात की दोन रंगांचा खर्च कशाला. १ डिसेंबरला, रविवारी, असरच्या नमाजानंतर बैठक आहे, आणि अध्यक्ष म्हणून निर्णायक मत माझे आहे.

पण हे पत्र मी मत विचारायला लिहीत नाही. त्या तीन रात्रींत मी आणखी एक गोष्ट वाचली. दुसऱ्या हिजरी शतकात मर्वला नूह इब्न अबी मरयम नावाचा एक काझी होता. कुराणातल्या एकेका सूरेच्या (अध्यायाच्या) फजीलतीच्या, म्हणजे थोरवीच्या, हदीसा त्याने रचल्या, आणि जाब विचारला तेव्हा म्हणाला की लोक कुराण सोडून इतर विद्यांच्या मागे लागले होते, त्यांना परत वळवावे म्हणून पुण्य समजून मी हे केले. हे वाचताना, खरे सांगतो, मला शिडीवरचा तू दिसलास. तू तेव्हा कॉलेजात अरबी घेतली होतीस; तुझे प्राध्यापक हदीसवर तासन् तास बोलत, हे तूच मला सांगायचास. मी खालून विचारले होते, “इक्बाल, याची सनद कोणती?” आणि तू वळून न बघता म्हणाला होतास, “शिडी धर. सनद मागू नकोस.” तेव्हा मी हसलो होतो.

तुला माहीत होते का?

हो किंवा नाही, एवढेच लिही, कार्ड चालेल. फोन करू नकोस, फोनवर तू मला नेहमी हसवतोस आणि मूळ गोष्ट राहून जाते. ‘हो’ असेल तरी मी कोणाला सांगणार नाही. पण बैठकीत मत देताना मी एका भोळ्या चुकीवर मत देतो आहे की तुझ्या लबाडीवर, हे मला कळले पाहिजे. शिडी मी धरली होती.

भाभींना सलाम सांग. मुलीच्या नव्या नोकरीबद्दल मुबारक. कोणत्या शहरात ते विसरलो, माफ कर. डोळ्यांचे दाखवलेस का?

तुझा,
मास्तर

ता. क. फोटो सोबत ठेवला आहे. नाखव्याच्या नातवानेच काढून, छापून आणून दिला. रंग त्याच्या आजोबांच्या होडीचा आहे हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ त्या ओघळावर बोट फिरवत उभा होता. बोलला मात्र काही नाही.