त्या अनोळखी माउलींना

स्पेनमधलं सारिया ते सांतियागो, सुमारे ११५ किलोमीटर. ऑगस्ट २०२१ नंतर काबूल सोडून स्पेनमध्ये आलेल्या चार अफगाण मुलांसोबत मी ही ख्रिस्ती यात्रेची वाट चाललो. पिवळे बाण दिशा दाखवत होतेच, पण सांभाळलंत तुम्ही.

पोर्तोमारीनच्या मुक्कामावरच्या मावशी, रश्श्यात डुकराचं मांस म्हणून मुलं नुसता पाव चावत बसली होती. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. वेगळं पातेलं चढवलंत. बटाटे, पांढरा घेवडा, पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल. धाकटा दोनदा मागून जेवला. त्याची आई अजून काबूललाच आहे. त्या रात्री तो पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलला.

मेलिदेजवळचे आजोबा, फाटक्या बुटाला अंगणात बसून टाके घातलेत, पैसे घेतले नाहीत. आणि नमाजासाठी धुतलेली चादर अंथरून दार हलकेच लोटून घेणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी सासवडचा, पालखीच्या वाटेवर वाढलेला. तुमच्या भाषेत मला फक्त 'ग्रासियास' म्हणता आलं. माझ्या भाषेतलं आज म्हणतो: माउली, फार फार आभार.