वाकलेल्या पात्याची धोप बदलून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेली, धार न लावलेली धोप (लांब, सरळसर पात्याची मराठा तलवार) मिळाली. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत. मूठ भक्कम आहे, परजेचे (मुठीवर हाताच्या रक्षणासाठी असलेल्या आडोशाचे) कामही सुबक आहे. पाते मात्र वाकलेले आहे.

वाक धारेच्या दिशेने नाही, आडवा आहे. मुठीकडून पात्याच्या पाठीवर नजर लावली की टोकाच्या वीतभर अलीकडे पाते डावीकडे वळलेले दिसते. त्या अंगाला दोरा ताणून धरला तर मधल्या फटीत करंगळी जाते. हाताने घडवलेल्या वस्तूत उन्नीस-बीस होणारच, असे आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले. करंगळीएवढी फट म्हणजे उन्नीस-बीस नव्हे.

मग त्यांनी कुरिअरवर ढकलले. पण खोक्याचा एक कोपराही दबलेला नव्हता. म्यान लाकडी, सरळसोट आणि वर ओरखडासुद्धा नाही. आतले पाते प्रवासात वाकले आणि बाहेरचे म्यान शाबूत राहिले, हे कसे? म्यानाच्या तोंडाशी एका बाजूची मखमल घासून खालचे लाकूड उघडे पडले आहे. म्हणजे मुळात वाकलेले पाते कोणीतरी जोर लावून आत दामटले आणि पॅक केले.

शेवटचा सल्ला तर कहर होता : "गुडघ्यावर ठेवून दाबा, सरळ होईल." आपल्या जाहिरातीत 'ईएन-४५ स्प्रिंग स्टील, नीट पाणी दिलेले' असे लिहिले आहे. नीट पाणी दिलेले, म्हणजे तापवून-विझवून कणखर केलेले स्प्रिंग स्टील थोडे वाकवून सोडले की आपसूक सरळ होते. हे वाकले ते वाकलेच राहिले. तेव्हा पाणी देण्यात कसूर झाली आहे, की पोलादच वेगळे आहे, याचा लेखी खुलासा हवा. दाबून सरळ केलेले पाते पुन्हा तिथेच वाकते, आणि एकाच जागी वारंवार वाकलेले पोलाद कधीतरी तुटते. आमच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यातली पोरे मिरवणुकीत तलवार फिरवतात, दोन्ही बाजूंना लोक खेटून उभे असतात. टोक उडाले तर जबाबदार कोण?

२०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्यापासून शिवकालीन शस्त्रांच्या जाहिरातींना ऊत आला आहे. घडाईकडेही तेवढेच लक्ष द्यावे, ही अपेक्षा जास्त नाही.

'थोडे पैसे परत देतो, तलवार ठेवून घ्या' हा प्रस्ताव मला मान्य नाही. भिंतीवर टांगायची असती तर विचार केला असता. तलवार बदलून द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. बदली तलवार पाठवण्यापूर्वी तिच्या पाठीवरून नजर लावून काढलेला फोटो पाठवा. शस्त्र म्हटल्यावर इथले कुरिअरवाले पार्सल घेत नाहीत, तेव्हा परत नेण्याची व्यवस्था आणि खर्च आपला.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करणेही बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

खंडेनवमीला आखाड्यात शस्त्रपूजन असते. तलवार त्याआधी हवी.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)