जुना एसएमपीएस, तेवढ्यापुरता

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. बोर्ड, रायझनचा ५६००जी प्रोसेसर, रॅम, सगळं टेबलावर मांडून ठेवलंयस आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तेवढा अजून दुकानदाराच्या ‘परवा येईल’मध्ये अडकलाय. तुझी घालमेल समजते. ‘तोवर जुन्या मशीनमधला लावू का?’ असं विचारलंस. लाव, खुशाल लाव. फक्त ते ४०६० ग्राफिक कार्ड नवा एसएमपीएस येईपर्यंत खोक्यातून काढू नकोस. हे मात्र ऐकच.

तू पाठवलेला स्टिकरचा फोटो मोठा करून बघ. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट, पण खाली +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर मांडलेत, आणि नव्या मशीनला तिथे फारसं काही लागत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. तुझा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात, तरी पूर्ण जोरात ८८ पर्यंत जातो. कार्डाचे ११५ त्यात मिळवले की २०३ झाले. पंखे अजून धरलेच नाहीत, आणि डबा तर दहा-बारा वर्षांचा. कार्ड नसेल तर मात्र आरामात भागतं. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे, मॉनिटरची वायर थेट बोर्डाला लाव.

प्रोसेसरजवळचं सॉकेट आठ पिनांचं आणि जुन्या वायरीला चारच पिना, म्हणून घाबरलायस ना? चार पिनांचा प्लग त्या सॉकेटच्या एकाच अर्ध्यात बसतो, पिनांचे आकारच तसे आहेत. जोर लावू नकोस. ८८ वॅट म्हणजे साधारण साडेसात अँपिअर, दोन पिवळ्या वायरींत वाटले जातात. या प्रोसेसरला पुरे. मोठ्या प्रोसेसरला मी हो म्हटलं नसतं.

लावण्याआधी टॉर्च घेऊन जाळीतून आत बघ. कॅपॅसिटरचं, म्हणजे आतल्या उभ्या नळकांड्यांचं, डोकं सपाट हवं. जरा जरी फुगलेलं दिसलं, किंवा कडेला तपकिरी चिकट ओघळ असला, तर तो डबा भंगारात दे. धूळ ब्लोअरने बाहेरूनच उडव. स्क्रू काढून आत हात घालायचा नाही, मंदार. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

मशीन चालू झालं की मल्टिमीटर पिवळ्या-काळ्या वायरींवर धर. ११.४ ते १२.६ मध्ये आकडा हवा. तो बरोबर आला म्हणून पूर्ण निर्धास्त होऊ नकोस. म्हाताऱ्या कॅपॅसिटरमुळे व्होल्टेजवर बारीक थरथर येते, ती साध्या मीटरला दिसत नाही. ती अशी कळते: कारण नसताना मशीन रिस्टार्ट होतं, किंवा लाइट गेल्यावर पूर्वी इन्व्हर्टरवर तग धरायचं ते आता बंद पडतं. असं एकदा जरी झालं, तरी लगेच काढून टाक. हजार-दोन हजारांच्या डब्यापायी नवा बोर्ड जाऊ द्यायचा नाही. पैसे कसे जमवलेस ते मला माहीत आहे.

या दिवसांत विंडोज टाकून घे, तुझं अकाउंटिंगचं काम सुरू कर. रात्रभर रेंडर लावून झोपू नकोस, आणि निघताना भिंतीवरचं बटण बंद कर.

नवा आला की त्याच्या खोक्यातल्याच वायरी वापर. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या डब्याकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते. दुसऱ्या एसएमपीएसची वायर नीट बसते आणि ड्राइव्ह जाळून टाकते. रविवारी दुपारी मी मोकळा आहे, व्हिडिओ कॉल कर, आपण मिळून जोडू.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, टेबल लवकरच मोकळं होईल.

तुझा,
सचिन