क्रेडिट्समधल्या त्या एका नावासाठी, ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,

आमच्या फायनल इयरच्या गेमचा डेमो संपल्या संपल्या तुम्ही गर्दीतून निघून गेलात, आभार मानायचे राहिले. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण गेम बनवायला शिकणाऱ्या बाकीच्या मुलांनीही ते वाचावं असं वाटतं.

आमच्या साउंडवाल्या मित्राला वडिलांच्या आजारपणामुळे सेमिस्टर अर्धवट सोडून गावी जावं लागलं. त्याने केलेले पावसाचे, पावलांचे, दाराच्या कडीचे आवाज गेममध्ये तसेच होते. कॉलेजच्या यादीतून मात्र त्याचं नाव काढलं गेलं, आणि क्रेडिट्स, म्हणजे गेमच्या शेवटी सरकणारी बनवणाऱ्यांची नावं, त्याच यादीवरून भरायची असा आदेश होता. शेवटच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या शेवटच्या छोट्या टप्प्याला, तुम्ही बिल्ड (गेमची चालणारी प्रत) पूर्ण खेळलात, नावं सरकताना बघितलीत आणि विचारलंत, "कडीचा आवाज कोणी केला?" आम्ही नाव सांगितलं. "मग ते इथे का नाही?" तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे सरकवलात आणि नाव टाइप होऊन नवीन बिल्ड तयार होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलात. यादीचं काय ते मी बघते, म्हणालात. पाहिलंतही.

गेम बाजारात येण्याआधी नोकरी सोडणाऱ्यांची नावं गळतात, ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे. गेम बनवणाऱ्यांच्या 'आयजीडीए' या आंतरराष्ट्रीय संघटनेला श्रेय देण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली, ती काही उगाच नाही.

तुमच्याआधी आम्हाला ॲजाइल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, शिकवलं गेलं ते पाच मार्कांसाठी. 2001 साली अमेरिकेत स्नोबर्डला 17 जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला, हे तोंडपाठ. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोठा, हे त्यातलं पहिलं मूल्यही तोंडपाठ. आणि मार्क कशाला? ट्रेलो बोर्डाच्या, म्हणजे कामं मांडायच्या ऑनलाइन फळ्याच्या, स्क्रीनशॉटला! स्टँड-अपमध्ये, म्हणजे कामाचा आढावा घ्यायच्या छोट्या मीटिंगमध्ये, 'अडकलोय' म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी बसायची, मग सगळ्यांचंच 'चालू आहे, सर'. एका पाहुण्या वक्त्याने तर रात्र रात्र जागेल तोच या क्षेत्रात टिकेल, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याचा मला आजही राग येतो.

तुम्ही पहिल्याच स्टँड-अपला स्वतःचं काय अडलंय ते आधी सांगितलंत. इतकी वर्षं काम केलेलं माणूस असं बोलतं म्हटल्यावर आमचीही तोंडं उघडली. आमची लेव्हल डिझायनर आणि प्रोग्रॅमर गेम बनवायच्या युनिटी सॉफ्टवेअरमधल्या एकाच सीनच्या फाइलमध्ये काम करत होते, दर मर्जला, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, कोणाचं तरी काम उडत होतं, आणि दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले होते. ते त्या पंधरा मिनिटांत बाहेर आलं. सीनचे तुकडे प्रीफॅबमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फाइलींमध्ये, गेले, कोणी काय उघडलंय ते बोर्डावर दिसू लागलं, आणि दोघं पुन्हा एकत्र चहाला जाऊ लागले. वेळेत बसत नव्हती म्हणून बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी लढत) तुम्ही कामांच्या यादीतून काढायला लावलीत आणि आम्हाला वेळेवर घरी पाठवलंत. सभ्यपणे वागूनही काम वेळेत होतं, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. अशी माणसं शिकवायला मिळणं हे फार मोठं भाग्य आहे.

मित्राला बिल्ड पाठवली. क्रेडिट्स थांबवून त्याने वडिलांना नाव दाखवलं. आता हा गेम तो पोर्टफोलिओत घालतोय. पहिली नोकरी शोधताना नवख्याकडे दाखवायला एवढंच तर असतं. तो तुम्हाला फोन करणार आहे, नंबर मी दिलाय. रागावू नका.

तुमची,
फायनल इयरच्या टीममधली एक विद्यार्थिनी