वार्षिक शुल्क कशासाठी भरायचे?

महोदय,

हिशेब तपासण्यात माझी हयात गेली, तरी स्वतःच्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमधली वार्षिक शुल्काची ओळ मी चार वर्षे मुकाट्याने भरत होतो. गेल्या महिन्यात पेन्सिल घेऊन बसलो. खरेदीवर 1 टक्का परत मिळत असेल, तर शुल्क नुसते भरून निघायलाच शुल्काच्या 100 पट खरेदी करावी लागते. माझी त्याच्या निम्मीही नव्हती! 'अमुक इतका खर्च करा, शुल्क माफ' ही सवलत तर त्याहून लबाड. वर्ष सरत आले की नको त्या वस्तू हव्याशा वाटू लागतात.

बिनशुल्काचे कार्ड कमी वापरले तरी खिशाला झळ नाही. ते वर्षानुवर्षे चालू ठेवता येते आणि खाते जुने असणे पत ठरताना उपयोगी पडते. फक्त 'पहिले वर्ष मोफत' म्हणजे 'आजीवन मोफत' नव्हे. मी तिथेच फसलो. मुदतीत पूर्ण बिल भरले नाही तर व्याज लागतेच, शुल्क असो वा नसो.

जुने कार्ड बंद केले. तसे लेखी हातात आल्यावरच कात्री चालवली.

– एक निवृत्त हिशेबनीस