औंधच्या वस्तूंची नोंदही पूर्ण व्हावी

संपादक महोदय,

केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहालयात १८९८च्या टोरेस सामुद्रधुनी (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधला बेटांचा समुद्रपट्टा) मोहिमेत जमवलेल्या मेलानेशियन, म्हणजे नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या लोकांच्या, वस्तू आहेत. त्यांतला एखादा मुखवटा कोणी, कोणत्या विधीत घालायचा हे बेटावरची माणसेच नेमके सांगू शकतात. म्हणून नोंदी त्यांच्यासोबतच व्हायला हव्यात. आपल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयातही जाणत्या कारागिरांना बसवून असे काम व्हावे.

फोटोत मोजपट्टी, रंगपट्टी, नोंदणी क्रमांक हवाच. मागची बाजूही घ्यावी. जुनी चिठ्ठी, डागडुजी तिथेच दिसते. पिसे, सालीचे कापड यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड नको, उडालेला रंग परत येत नाही. जुन्या वस्तूंवर किडीसाठी आर्सेनिक मारलेले असू शकते, हातमोजे घालाच. आणि गुप्त विधीच्या वस्तूंचे फोटो त्या समाजाला न विचारता संकेतस्थळावर टाकणे हा सरळ अन्याय आहे.

– संग्रहालयशास्त्राचे अभ्यासक, सातारा